पकड सुटलेला हिवाळा

आयुष्यभर फळ्यावर सूत्रे लिहिलेल्या बाईने साठी उलटल्यावर ललित लिहायला बसावे, हे तिला शोभत नाही असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मराठी ही माझी घरची भाषा. तिच्यात मी हट्ट केले, भांडले, देवापुढे बसले. लिहिले मात्र कधीच नाही. नोकरी कर्नाटकातली, शिकवणे इंग्रजीतून, शेजार कानडी आणि बाजार दखनी उर्दूतला, त्यामुळे वाक्य कोठे वाकडे झाले तर माझे मलाही लगेच समजत नाही. त्यात विषयही असा निघाला आहे की ज्याचा मला अनुभव नाही. मोटारींच्या शर्यती मी कधी पाहिल्या नाहीत, आणि या लेखात त्यांच्याविषयी बरेच येणार आहे. वाचकाने एवढे धारिष्ट्य पोटात घालावे. नकोसे वाटले तर पान उलटावे. मला ते कळणारही नाही.

गेल्या महिन्यात राजेश्वर गावी एका लग्नाला जाणे झाले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या मोटारीतून नेले. ज्वारीच्या कणसांत दूध भरू लागले होते. गावाबाहेरच्या वाटेवर कोणाच्या तरी पाइपाचे पाणी फुटून काळी माती लोण्यासारखी झाली होती. त्या मातीत गाडी शिरली, जराशी थरथरली, आणि समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. दिव्यात एका मोटारीचे चित्र होते आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा.

"घाबरू नका मॅडम," तो म्हणाला. "चाक घसरलं की लागतो तो. गाडी आपली आपण सावरते."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "ट्रॅक्शन कंट्रोल."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. निवृत्त प्राध्यापिकेला, जिला स्कूटरसुद्धा येत नाही, हे नाव कोठून माहीत, असा प्रश्न त्याच्या नजरेत होता. गाडी चिखलातून बाहेर पडली, दिवा विझला, आणि लग्नात मी काय जेवले ते मला आज आठवत नाही.

ते नाव मी ज्या हिवाळ्यात शिकले, तो हिवाळा आमच्या घरातला. तेव्हा गुलबर्ग्याचे नाव अजून गुलबर्गाच होते. मोबाइल घरोघर पोहोचले होते, पण माणूस बोलताना दिसण्याची सोय आमच्याकडे आलेली नव्हती. बसवकल्याणला आम्ही तिघे राहत होतो: वडील, म्हणजे अप्पा, आई, म्हणजे अव्वा, आणि मी. माझे लग्न झाले नाही. त्याला काही कारण नव्हते, जमले नाही इतकेच. धाकटा भाऊ शिवू आखातात एका गॅरेजमध्ये होता.

अप्पांचे महामार्गाच्या कडेला टायर रिमोल्डिंगचे दुकान होते. झिजून गुळगुळीत झालेले ट्रकचे टायर तिथे येत. अप्पा ते घासून घेत, त्यावर नव्या रबराची पट्टी बसवत, साच्यात घालून शिजवत. साच्यातून निघालेल्या टायरवर नवी नक्षी उठलेली असे आणि तिला भाजलेल्या रबराचा जो वास येई, तो आमच्या लहानपणाचा वास आहे. सणाच्या दिवशी पुरणाच्या वासातूनही तो वेगळा काढता येई. अप्पा टायरवरून तळहात फिरवत आणि म्हणत, "ह्यानं रस्ता धरला पायजे. इंजीन काय, कुनीबी बसवंल."

मग देशात नव्या गाड्या आल्या, नवे टायर आले, हप्त्यावर सगळे मिळू लागले. जुन्या टायरला नवी नक्षी कोण काढून घेणार? दुकानासमोरची रांग आखडत गेली आणि एक दिवस भट्टी पेटवलीच नाही. शिवू त्याच वर्षी निघाला. तो पाया पडला तेव्हा अप्पा दुकानातल्या स्टुलावर बसले होते. ते उठले नाहीत. "जा," एवढेच म्हणाले, "तिकडं लई वाळू हाय. चाक रुतलं की मला फोन करू नको." शिवू हसला. बसपर्यंत पोचवायला मी आणि अव्वा गेलो.

काही वर्षांनी, त्या हिवाळ्याच्या तोंडाशी, दिवाळी झाल्यावर एका सकाळी अप्पांच्या हातातून चहाची बशी निसटली. त्यांनी ती पडताना पाहिली, पण बोटांनी काही केले नाही. डॉक्टरांनी सांगितले की उजव्या बाजूवरून वारे गेले आहे. जीव वाचला, वाचाही वाचली, हातापायांत थोडी ताकद परत येईल, पण त्या बाजूची जाणीव मात्र बहुधा येणार नाही. पायाखाली काय आहे ते पायाला कळणार नाही. त्या रात्री अव्वा रडली. शेजारच्या बायका रडल्या. फोनवर शिवू रडला. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपला गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसे मला झाले. मी औषधांच्या वेळा लिहून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले.

शिवूला येता येईना. हिवाळा हा तिकडच्या शर्यतींचा हंगाम. मालक म्हणाला, हंगाम संपल्यावर जा. मार्चआधी सुट्टी नाही. हे ऐकल्यावर अप्पांनी जाहीर केले, "यऊ दे मार्चात. तवा मी दारापातूर चालत जानार हाय. माझ्या पायानं. कुनी हात लावायचा न्हाई."

"कामून येवढा हट्ट?" अव्वा म्हणाली. "पोरगा आत येतोयच की."

"ग्येला तवा उठलो न्हवतो," अप्पा म्हणाले.

यापुढे आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. जेवण, औषध, झोप, सगळे त्या एका चालण्यासाठी. बाजेपासून दारापर्यंत आमची सोप्याची खोली. तिच्यात शहाबादी फरशी, वर्षानुवर्षे पुसून आरशासारखी झालेली.

फोन शुक्रवारी येई, दुपारी, शिवूच्या सुट्टीच्या दिवशी. घरात रेंज फक्त भिंतीतल्या देवळीत मिळे, म्हणून तिथली पणती बाजूला सरकवून फोन उभा ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि सगळ्यांनी देवळीकडे तोंड करून बसायचे. बाहेरून कोणी पाहिले असते तर आम्ही प्रार्थना करत आहोत असे वाटले असते.

"अप्पा कसे हायत?" शिवू विचारी.

"मलाच इच्यार की," अप्पा म्हणत. "तोंड चालू हाय माझं. पाय तेवढा बंद हाय."

मग शिवू गाडीविषयी बोलू लागे. बोलण्यासारखे त्याच्याकडे दुसरे काही नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. त्याच्या मालकाची एक लांब नाकाची अमेरिकन मोटार होती. शर्यत अगदी साधी: दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत पळवायच्या, आणि डोळ्यांची उघडझाप होईतो सगळे संपते. वळण नाही, चढ नाही.

"शेकडो घोड्यांची ताकद हाय अप्पा तिच्यात!"

"व्हय? आनि नाल कसला मारलाय त्येंना?"

शिवू खो खो हसला. "तेच तर भानगड हाय अप्पा. नालच टिकत न्हाई."

त्याने समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडते. इंजिनात ताकद इतकी की पाय जरा जोरात पडला तर मागची चाके जागच्या जागी गरगर फिरतात, धूर निघतो, आणि गाडी तिथेच. त्यावर उपाय म्हणून कंपनीने गाडीत एक यंत्रणा बसवलेली असते. प्रत्येक चाकाशी एक जाणीव ठेवणारा छोटा तुकडा. मागचे चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरू लागले की तो वर्दी देतो, आणि गाडी स्वतःच इंजिनाचा गळा आवळते. रस्त्यावर हे चांगले. शर्यतीत मात्र हिरवा दिवा लागतो, मालक पाय दाबतो, चाक किंचित घसरते, यंत्रणा घाबरते, आणि गाडी खोकत खोकत निघते. शेजारची तोवर दिसेनाशी झालेली असते. ती यंत्रणा बंद केली तर शेपूट, म्हणजे गाडीची मागची बाजू, फिरते. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हे शिवूचे काम होते. टायरमधली हवा कमी करून पाहायची, डांबरावर आलेली बारीक वाळू झाडायची, निघण्यापूर्वी टायर पाण्यात ओले करून तिथेच गरगर फिरवायचे, म्हणजे ते स्वच्छ होतात, तापतात आणि रस्त्याला चिकटतात.

मी अकरावीला घर्षण शिकवत असे. घसरण्याच्या बेतात असलेली वस्तू जितकी घट्ट धरून असते तितकी ती घसरू लागल्यावर धरत नाही. एकदा सुटले की पकड कमी होते. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या तुकड्यांना सांगितले की ते माझ्या तोंडून आपोआप निघते. त्या हिवाळ्यात ते वर्गात म्हणताना मी एकदा थांबले. मुलांना वाटले मॅडम पुढचे विसरल्या. मी विसरले नव्हते. मला पुढे म्हणावेसे वाटेना, इतकेच.

अव्वाने निंबर्गा गावच्या एका वैदू म्हाताऱ्याकडून तेल मागवले होते. तिळाचे, लसूण आणि कसलीशी पाने घालून कढवलेले, हिरवट काळे. सूर्य उगवण्याच्या आत ते लावायचे असा दंडक. अव्वा पहाटे उठून, कपाळाला विभूती लावून, अप्पांचा पाय मांडीवर घेई आणि मांडीपासून तळव्यापर्यंत असे तेल जिरवी की जणू पाय नसून कणकेचा गोळा आहे. ते झाले की अप्पा ताजेतवाने. मग मी कॉलेजला जाण्यापूर्वी आम्ही चालायला उभे राहायचो.

एका सकाळी उभे राहिलो आणि अप्पांनी उजवा पाय पुढे टाकताच खालून फरशी ओढून घ्यावी तसा तो गेला. मी कोपर धरले होते. त्याचा उपयोग एवढाच झाला की आम्ही दोघे हळू पडलो. अव्वा ओरडत आली. फरशीवर बसल्या बसल्या अप्पांनी तळहात फिरवला, जसा टायरवरून फिरवत, आणि बोटे नाकाशी नेली.

"आत्ता समजलं," ते म्हणाले. "बैलाच्या शिंगाला तेल लावतेत. खुराला कोन लावतंय?"

"निंबर्ग्याच्या म्हाताऱ्यानं तळव्यालाबी लावा म्हनला," अव्वा कुरकुरली.

"त्यो म्हनला लावा. लावून पळवा म्हनला का?"

शुक्रवारी शिवूला हे कळले तेव्हा तो आधी हसला. "अव्वा," मग तो म्हणाला, "आमी टायरला बोटबी लावू देत न्हाई. घामाचं बोटबी. तू तेलात बुडवून काढायलीस."

"मग तेल सोडू का? शिरा कशा मोकळ्या व्हत्याल?"

"सोडू नको. चालायच्या आधी धू."

पहाटेचा दंडक अव्वा मोडायला तयार नव्हती, तेव्हा तेल पहाटेच लागे आणि नंतर न्हाणीच्या चुलीतली राख आणि कढत पाणी घेऊन ती तळवा घासत बसे. पहिल्या दिवशी मी विचारले की कसली राख घेतेस, तर ती माझ्यावर उखडली. "इभूती हाय का ही? चुलीतली हाय. पायाला इभूती लावाया मी काय येडी झाले?"

"भांडं घासायलीस का काय?" अप्पा विचारीत.

"व्हय. कढई हाय ही. तळ करपलाय."

"घास मग. पोरगा यायच्या आत कल्हई कर."

अप्पांना पायाला लागणारे ते कढत पाणी कढत वाटत नसे. म्हणून ते मी आधी माझ्या मनगटावर ओतून पाही. पुष्कळदा मलाही नेमके सांगता येत नसे.

पकड सुधारली. पाय फरशीवर टेकू लागला. पण धडधाकट पायात आणि त्या पायात एक फरक होता आणि तो राखेने जाणारा नव्हता. आपला पाय घसरू लागतो तेव्हा बोटे न विचारता आवळतात. घसरल्याची बातमी डोक्यापर्यंत जाण्याआधीच पायाने काहीतरी केलेले असते. अप्पांच्या पायाकडून बातमी निघतच नव्हती. ती बातमी मी होते. मी उजव्या बाजूने चालत असे, त्यांचे कोपर धरून, डोळे त्यांच्या अंगठ्यावर. अंगठा किंचित पुढे सरकला की माझी मूठ आवळे आणि ते थांबत.

शिवूने हे ऐकून विचारले, "अक्का, अप्पा चालायलेत का तू चालवायलीस?"

"पडले तर?"

"पडतील असं वाटायच्या आधीच तू धरायलीस. आमचं मशीनबी तेच करतंय. घसरूच देत न्हाई. मग डायवरला कळनार कसं, कुठवर दाबायचं?"

"तुमच्या ड्रायव्हरचा पाय शाबूत असतो, शिवू."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले, त्यांना राग आला नव्हता. "बरोबर बोलली," ते म्हणाले. "पन त्योबी बरोबर बोलला. शिवू, ते मशीन बंद कसं करतेत?"

"एक बटन हाय अप्पा. पन लबाड हाय. नुस्तं दाबलं तर अर्धंच बंद होतंय. पुरं बंद करायचं तर दाबून धरावं लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी हात सोडला. म्हणजे अर्धाच: कोपरापासून वीतभर दूर, ओंजळ केल्यासारखा. अप्पांची उजवी बाजू बधिर, तेव्हा हात लागलेला आहे की नाही हे त्यांना कळत नसे. प्रत्येक पावलाला ते विचारीत, "धरलीस का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, अप्पा."

"अन् आता?"

"आताही नाही."

मान वळवून बघितले तर तोल जाई, म्हणून त्यांना माझ्या शब्दावर चालावे लागे. बाजेपासून खांबापर्यंत. खांबापासून भिंतीपर्यंत. संक्रांत आली, गेली. दाराला मात्र अजून अंतर होते आणि दिवस वेगाने चालले होते.

त्या काळात कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. एक प्रयोग असा असतो: फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि फळी एका टोकाने हळूहळू उचलत जायची. ठोकळा ज्या क्षणी घसरतो तो कोन मोजायचा. मुले वाकून, श्वास रोखून फळी उचलत. ठोकळा सुटला की हसत. मी टेबलांमधून फिरत होते. पूर्वी त्या क्षणी मलाही गंमत वाटे. त्या वर्षी मी तो ठोकळा सुटताना पाहिला, गुण दिले, पुढच्या टेबलाशी गेले. एका विद्यार्थ्याने शेतातला हुरडा आणून दिला होता, गरम, चटणीसह कागदात बांधलेला. मी तो स्टाफरूममध्ये बसून पूर्ण खाल्ला. सहकारी म्हणाले, गोड आहे ना? मी म्हणाले, हो. चव लागली नव्हती. वाईट वाटत होते असेही नाही. कोणी विचारले असते तर मी सांगितले असते की माझे बरे चालले आहे, आणि ते खोटे ठरले नसते. झोप येत होती, पगाराचे काम होत होते, चूक होत नव्हती. मोटारीसारखीच मी खोकत खोकत पण सरळ रेषेत चालले होते.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत मालकाने एक फेरी शिवूला चालवू दिली. त्या शुक्रवारी फोन उशिरा आला. अव्वाने देवळीसमोर बसून दोनदा जप केला.

"हरलो," शिवू म्हणाला.

"लागलं का कुठं?" अव्वा.

"न्हाई ग. मी बटन दाबून धरलो, पुरं बंद केलो. दिवा लागला, पाय दिलो, तर शेपूट फिरली अप्पा. सगळी. मला रस्त्याकडची भिंत दिसली काचंतून, बाजूला असायची ती पुढं दिसली."

"मग?"

"मग पाय उचललो. सरळ झाली. तवर दुसरा पार पोचला होता."

"उचललास न्हवं? बस झालं," अप्पा म्हणाले.

"भ्यालो, अप्पा."

"भ्यालास म्हनून आज बोलायलास. तिकीट काढलास का?"

काढले होते. यायचा दिवस त्याने सांगितला. फोन बंद झाल्यावर अप्पा बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, "पोरी, उद्यापासनं तूबी दाबून धर. अर्धं नको." म्हणून मी हात पाठीमागे बांधले आणि त्यांच्या मागून चालू लागले. ते विचारायचे थांबले.

शिवू आला ती सकाळ स्वच्छ होती. हैदराबादेहून येणाऱ्या बसने त्याला महामार्गावर सोडले आणि तो रिक्षाने आला. अप्पांची आंघोळ झाली होती. अव्वाने तळवा घासून घासून लाल केला होता, ती लाली त्यांच्यापेक्षा आम्हालाच जाणवत होती. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. अप्पा बाजेवरून उठले. मी मागे उभी राहिले, हात पाठीशी. खांब गेला. भिंत गेली. दारापर्यंतची ती उरलेली फरशी, जिथवर आम्ही कधी नीट पोहोचलो नव्हतो, तीही मागे पडू लागली. पायरीखाली शिवू उभा होता, हातात बॅग, केस बरेच विरळ झालेले. त्याने वर पाहिले.

त्याच वेळी अव्वा माझ्या बाजूने तांब्या घेऊन पुढे झाली. परगावाहून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घातल्याशिवाय आमच्याकडे त्याला आत घेत नाहीत. एवढे महिने तिने तो तळवा कोरडा राखला होता. पण मुलगा दारात दिसल्यावर हात आपल्या सवयीने चालला. तिने उंबऱ्यावरूनच पाणी ओतले. निम्मे शिवूच्या पायावर गेले, निम्मे उंबऱ्याच्या दगडावर. अप्पांचा उजवा पाय त्या ओल्या दगडावर पडला.

तो सरकला. मी अंगठा पाहिला. नेहमीसारखा, आधी किंचित आणि मग पुष्कळ. अप्पांचे शरीर एका बाजूला गेले, डाव्या हाताने त्यांनी चौकट धरली, आणि त्याच क्षणी शिवूने बॅग टाकून, झेप घेऊन, दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचलूनच धरले. बटण बंद कर म्हणून हिवाळाभर सांगणारा तो.

"सोड!" अप्पा ओरडले. "सोड म्हन्तो न्हवं का! धरली होती मी चौकट. काय ट्रॉली हाय का मी, उचलायला?"

"पडत होता तुमी, अप्पा!"

"पडत न्हवतो. घसरत होतो. फरक हाय."

शिवू रडत होता आणि सोडत नव्हता. अप्पा त्याला शिव्या देत होते आणि डाव्या हाताने त्याच्या विरळ केसांवरून हात फिरवत होते. अव्वा रिकामा तांब्या घेऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. शेजारपाजारचे जमले, हसले, रडले. मी दोन पावलांवर उभी होते. माझे हात पाठीमागे होते. ते हलले नव्हते.

शिवूने धरले नसते तर ते सावरले असते की पडले असते, यावर त्या दोघांचा वाद अप्पा गेले त्या उन्हाळ्यापर्यंत चालला. शिवू परत गेल्यावर फोनवर, दर शुक्रवारी. कोणीच हरले नाही. अप्पा त्या दिवसानंतर घरात चालले, अंगणात चालले, एकदा काठी घेऊन बंद दुकानाच्या शटरपर्यंतही जाऊन आले. मागून मी चालत असे, मग मागे कोणी नसले तरी ते चालू लागले.

माझ्याविषयी मात्र अव्वाने सगळ्या गल्लीला सांगून ठेवले आहे. पाहुणे आले की अजूनही सांगते: "पोरानं धीर सोडला, लेक जागची हलली न्हाई. केवढा भरवसा बापावर!" पाहुणे माझ्याकडे आदराने पाहतात. मी चहा आणायला आत जाते.

आत जाऊन मी पुष्कळदा त्या क्षणाकडे पाहिले आहे. अंगठा सरकताना मला दिसला होता, याची मला खात्री आहे. पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. मी तेच तर शिकवत असे. पण त्या पाहण्यातून हातापर्यंत काही गेले नाही. ते मी जाऊ दिले नाही, अप्पांना दिलेल्या शब्दासाठी, हे एक शक्य आहे. दुसरे असे की जाण्यासारखे माझ्यात तेव्हा काही उरलेच नव्हते. अशा दोन बायकांचे हात बाहेरून सारखेच दिसतात, पाठीमागे, स्थिर. एकीला लोक धीराची म्हणतात. दुसरीला काय म्हणावे हे मला माहीत नाही, आणि त्या उंबऱ्याशी कोणती उभी होती हे अव्वाला, शिवूला किंवा मला सांगता येत नाही. अप्पांना विचारायचे राहून गेले.

तुमच्या बाबतीत असे कधी झाले असेल, तर त्या दोन्हींतले कोणते, हे तुम्हांला कसे कळले?